धोट्याचा खुंटा

१२ जानेवारी, रवि.

होडी घाटावर आली. टेंपोतून उतरवताना कोपऱ्याला पोचा आला, तेवढं चालायचंच. साडेबारा फूट, पत्र्याची, आतून निळी. टेंभुर्णीच्या हनीफभाईंनी वेल्डिंग चोख केलंय. निघताना शेवटचं विचारलं त्यांनी, "आपा, इंजन लगा देता ना मैं. काठी-कपडे से क्या होता?" मी म्हटलं, इंजिनाचा आवाज नको म्हणूनच तर होडी घेतली. ते हसले. हसू देत.

घाट म्हणजे नुसता मातीचा उतार, उजनीच्या पाण्यापर्यंत गेलेला. पायऱ्या वगैरे काही नाही. पंधरा-सोळा होड्या आणि प्रत्येकीचा खुंटा ओळीनं. मोकळी जागा बघून दोर बांधायला गेले तर तात्या आले. घाट यांच्या शब्दावर चालतो. साठीचे, टोपीवाले, आवाज हळू. म्हणाले, इथं खुंटा असाच लागत नाही. होडी आपल्या हातानं पलीकडच्या काठाला न्यायची, तिथली ओंजळभर माती घ्यायची, आपल्या हातानं परत आणायची. इंजिन लावायचं नाही, कुणी ओढायचं नाही. ती माती खड्ड्यात घालून वर खुंटा ठोकायचा. मग तो ओळीतला, कायमचा.

मी म्हटलं, ठीक आहे, नेते की.

"तसं न्हवं," तात्या म्हणाले. "बाईमाणसाचा खुंटा नसतो हितं."

तूर्त वरच्या बाभळीला लांब दोरानं बांधलीय. पहिलाच दिवस आणि मी ओळीच्या बाहेर. बघू किती दिवस ठेवतात ते.

१४ जानेवारी, मंगळ. संक्रांत

कारखाना बंद. सगळं सोलापूर गड्ड्याच्या जत्रेत. नायनांनाही जायचं होतं, पण लेक शीड शिवायला बसली म्हटल्यावर बाप कसला हलतोय. चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला, कान गेले, पण कपड्यावर हात फिरवायची सवय गेली नाही.

कापड खाकी ड्रिल. शाळेच्या पँटींचं उरलेलं, मालकांना विचारून आणलं. नायनांनी ते बाजेवर ताणून चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि तळहातानं चाचपत बसले. कुठं झोळ न्हाई ना. होता. उसवा. परत शिवा. परत होता. तीनदा उसवलं. संध्याकाळी शीड असं झालं की इस्त्रीची गरज नाही. ना. खूश. मीपण. आमच्या घरात हीच पूजा.

होडीला नाव काय द्यायचं विचारलं. म्हणाले, "धोटा. मागावरल्यागत हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. दुसरं काय काम हाय तिला?"

त्यांना अजून वाटतं मी होडी पक्षी बघायला घेतली. दोन वर्षांपूर्वी कारखान्याची सहल उजनीला रोहित पक्षी बघायला गेली होती, होडीवाल्यानं मध्येच इंजिन बंद केलं. पक्षी कुणाला आठवतायत. लहानपणी घरात माग, शेजारी माग, गल्लीत माग, आणि मोठेपणी शिलाई मशीनच्या चार रांगा. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा कान रिकामे झाले. तेव्हाच ठरलं. नायनांना हे ओरडून सांगता येण्यासारखं नाही.

१९ जानेवारी, रवि.

वल्ह्याचा सराव. पहाटेची एसटी, टेंभुर्णीहून वडापची जीप, नऊला घाट. हातांना फोड. लाइफ जॅकेट घातलं की घाटावरचे हसतात. पोहायला पंचेचाळिसाव्या वर्षी पालिकेच्या तलावात शिकले, तेव्हाही हसलेच होते लोक.

घाटावर एकच बाई असते. हिराबाई. तात्यांच्या मयत भावाची बायको. दिवसभर बाभळीखाली जाळी सांधत बसते. सगळ्या घाटाची जाळी तिच्या हाताखालून जातात. माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण मी वल्हं चुकीचं धरलं की तिचे हात थांबायचे. त्यावरून कळायचं.

२ फेब्रुवारी, रवि.

गेले. आणि फजिती झाली. सगळं लिहून ठेवते.

वारा बाजूनं. शीड चढवलं, घट्ट ताणून बांधलं, ना.नी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. वारा त्यावर आपटायचा आणि घसरून जायचा. होडी पुढं कमी आणि आडवी जास्त. दोन तासांनी बघते तर मी पुढच्या गावाच्या पाण्याच्या मोटारींसमोर. वल्हं मारून मारून खांदे गेले. मग लांबून इंजिनाचा आवाज. तात्या. दोर फेकला. घेतला. घ्यावाच लागला.

काठावर आल्यावर चहा दिला त्यांनी. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ओढून आणलेली फेरी धरत नाहीत. बरोबरच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळ.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. आज कारखान्यातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर. "सोलापूरची बाई बुडता बुडता वाचली." बुडत कुठं होते? जॅकेट आहे, पोहता येतं, होडी सरळ होती. फक्त नको तिकडं चालली होती. एवढं तर सगळ्यांचंच चालतं.

पोरी हसल्या. मालक म्हणाले, पद्माबाई, वयाचा विचार करा.

केला. जेवणाच्या सुट्टीत केला. रविवारी जाणार.

९ फेब्रुवारी, रवि.

हिराबाई बोलल्या. मी शीड वाळत घातलं होतं, जवळ आल्या, शिलाईवरून बोट फिरवलं.

"शिलाई लई झ्याक हाय, ताई. पर ह्ये शीड हाय का पलंगपोस? पोट कुटंय त्याला?"

मला कळेना. मग खाली बसून सांगत राहिल्या. धरण व्हायच्या आधी त्यांच्या वडलांची लाकडी होडी होती भीमेवर. आईचं जुनं लुगडं काठीला बांधायचे. ताणून कधीच नाही, सैल. वारा आत येऊन बसला पाहिजे. "त्याला बसाया जागा नगं व्हय? तुमी तर त्येला दारातूनच हाकलून देताय."

एसटीत टेंभुर्णी ते सोलापूर एवढाच विचार. आजोबा हातमागावर, ना. यंत्रमागावर, मी मशीनवर. झोळ दिसला की मारायचा. तीन पिढ्या तेवढंच केलं. आता वाऱ्यासाठी झोळ ठेवायचा म्हणजे हाताला कसं पटवायचं?

११ फेब्रुवारी, मंगळ.

आज नळाला पाणी. ते भरून झाल्यावर शीड उसवायला घेतलं. पोट कसं आणायचं हे खरं तर मला माहीत आहे. पँटींच्या आधी पंधरा वर्षं ब्लाऊज शिवलेत. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर टक्स. कडेला चिमटे घ्यायचे, मध्ये आपोआप फुगतं. एवढी साधी गोष्ट, शीड म्हटल्यावर सुचलीच नाही.

ना.नी बघितलं. आधी समजलं नाही. समजल्यावर चेहरा उतरला. झोळाचा तागा म्हणजे काय, हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. व्यापारी सगळ्यांसमोर उलगडून दाखवायचा आणि परत फेकायचा. एकदा त्यांचा फेकला होता. "ह्ये माज्यासमोर नको," म्हणाले, आणि दाराबाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. जेवायलाही तिथंच.

वाईट वाटलं. पण थांबले नाही. तेवढा हट्टीपणा त्यांच्याकडूनच आलाय.

रात्री आत आले. खडू मागितला. माझ्या दोन्ही बाजूचे टक्स सारखे पडले नव्हते म्हणे. सगळे पुसले आणि नव्यानं आखून दिले, मोजून.

१६ फेब्रुवारी, रवि.

चाललं.

काठाकाठानंच, पण चाललं. हि.बांनी बाजूला एक फळी बांधायला लावली, पाण्यात अर्धी जाते, आडवं सरकणं निम्म्यानं कमी. वाऱ्याची वेळपण सांगितली त्यांनी. ऊन तापायला लागलं की सकाळचा वारा पलीकडं नेतो, दुपार कलली की दुसरा येतो तो परत आणतो. मधल्या वेळात काहीच नसतं. तेव्हा घाबरायचं नाही आणि वल्ह्यालाही हात लावायचा नाही, दम वाया जातो.

मी विचारलं, तुम्ही कधी नेली होती होडी? जाळं सांधत राहिल्या. मग म्हणाल्या, नवरा आजारी होता तेव्हा दोन वर्षं रोज. तात्या झोपेतून उठायच्या आत जायचं आणि यायचं.

शीड फुगल्यावर एक बारीक आवाज येतो. कापड हुंकार देतं तसा. मग काही नाही. पंधरा मिनिटं काही नाही. पत्र्याखाली पाणी तेवढं.

२३ फेब्रुवारी, रवि.

वारा शून्य. आणि वर हे.

परवा घाट उतरवला. धरणाचं पाणी खाली गेलं की सगळे खुंटे उपटून नव्या काठाला ठोकतात, त्याच ओळीत, त्याच क्रमानं. तात्यांच्या घरचा घण असतो, दुसऱ्या कशानं ठोकत नाहीत. सगळ्या होड्या खाली गेल्या. धोटा बाभळीला बांधलेला, पाण्यापासून वीसेक पावलं वर, चिखलात पालथा पडायच्या बेतात. कुणी हात लावला नाही. खुंटाच नाही तर ती होडी घाटाची नाही, मग हलवायची कुणी?

कुणी मुद्दाम केलं नाही हे. म्हणूनच जास्त लागलं.

मी ओढायला लागले. इंचभर हलेना. हि.बा. उठल्या, शेजारच्या फडातून उसाचं पाचट आणलं, होडीपुढं अंथरलं. पत्रा पाचटावरून सरकतो. दोघींनी मिळून नेली. बाकीचे बघत होते. हि.बांच्या डोक्यावरचा पदर पडला, त्यांनी तो परत घेतला नाही.

आता एक गोष्ट लक्षात आली. पाणी पावसापर्यंत उतरतच जाणार, घाट परत परत हलणार. दर वेळी हे होणार. खुंटा नसेल तर उन्हाळाभर मी होडी पाचटावरूनच चालवणार. म्हणजे खुंटा पाहिजेच. हौस म्हणून नाही.

२ मार्च, रवि.

अक्षर वाईट येणार. एसटीत लिहितेय.

साडेसातला सुटले. (काल कारखान्यातून थेट आले, मुक्काम हि.बांकडं.) वारा पाठीशी, मऊ. दहाला पलीकडं. तिकडच्या काठावर नुसते मोटारींचे पाईप आणि बगळे. जेवणाचा डबा फडक्यावर रिकामा केला, त्यात माती भरली. काळी, चिकट. कितीतरी वेळ तो डबा मांडीवर घेऊन बसले होते.

मग वारा गेला. सांगितल्यासारखा. बारा, एक, दोन. पाणी हलेना. भाकरी आणि शेंगाचटणी संपली. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना, शीड अंगावर घेऊन पडले. घाबरायचं नाही असं सांगणं सोपं असतं.

दीडला तात्यांचा मोठा मुलगा इंजिनाची होडी घेऊन आला. ओढू का? नको. अडीचला परत आला. म्हणाला, म्याडम, तात्यांनी धाडलंय, ऊन लागंल तुमाला. दोर त्यानं एका हातात धरलेला, दुसऱ्यात पाण्याची बाटली. मी म्हटलं, तात्यांना सांगा पाणी पोचलं, आणि दोर खाली ठेवा. त्यानं पाण्याची बाटली दिली, दोर ठेवला, गेला. चांगला मुलगा आहे. पण दोर घेतला असता तर सगळं फुकट.

साडेतीनला पश्चिमेकडं पाण्यावर सुरकुत्या दिसल्या. शीड चढवलं तोच आला. हा सकाळचा वारा नव्हे. शीड एकदम फुगलं, ना.चे टक्स टरारले, होडी कलली, बाजूनं पाणी आत. उपसायला काय? डबा. डब्यात माती.

पाच-सहा सेकंद नुसती बघत बसले. मग ओढणी काढली, माती त्यात ओतली, गाठ मारून कमरेला बांधली, आणि एका हातानं सुकाणू, एका हातानं डबा. ओरडत होते मी. काय ओरडत होते आठवत नाही. घरचं तेलुगू होतं एवढं नक्की.

पाचला काठ. कपडे, चप्पल, सगळं ओलं. ओढणीतली माती निम्मी वाहून गेलेली, ओंजळभर उरली. ओंजळभरच लागते.

 तात्या उभे होते. ओढणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आनली," म्हणाले. एवढंच.

४ मार्च, मंगळ.

अंग अजून ठणकतंय. ना.ना सगळं कागदावर लिहून दाखवलं, ओरडायला घशात आवाज नाही. दोनदा वाचला कागद. मग माळ्यावर चढायला लागले, या वयात. आजोबांच्या हातमागाचा एक पाय वर ठेवलेला होता, सागवानी. करवतीनं दोन फूट कापला, टोक काढलं. खुंटा. मी म्हटलं, आजोबांचा माग तोडलात? त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

९ मार्च, रवि.

ठोकला. ओळीच्या शेवटी. माती आधी खड्ड्यात. घण मागितला, तात्या म्हणाले विचार करू. मग दगडानं ठोकला. अर्धा तास लागला, टोक जरा फुटलं. धोटा बांधला. लांबून फोटो काढला ना.साठी.

तात्या म्हणाले, "तुमी आनली, मी बगितलं. त्यात खोट न्हाय. पर घाटाला इचारावं लागतं."

घाट म्हणजे तुम्हीच ना, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. पुढच्या वेळी गिळणार नाही.

१६ मार्च, रवि.

खुंटा उपटलेला. धोटा परत बाभळीला. उपटणाऱ्यानं खुंटा धुऊन, सुकवून, दोराची नीट गुंडाळी करून बाभळीच्या बुंध्याशी ठेवला होता. एवढी अदब दाखवून अपमान करणारी माणसं मी आधी बघितली नव्हती.

ठोकला परत. त्याच भोकात. माती आतच होती.

२३ मार्च, रवि.

परत उपटलेला, परत धुतलेला. आता सोलापुरातून पिशवीत हातोडा आणते. वडापमधल्या बाईनं विचारलं काय काम करता, म्हटलं खुंटे ठोकते.

ठोकून झाल्यावर सरळ तात्यांकडं गेले. म्हटलं, कारण सांगा. माती खोटी नाही, फेरी खोटी नाही. मी गावची नाही म्हणून? म्हणाले, न्हाय, शेजारच्या गावातल्या दोघांचे खुंटे हायेत की. मी मासे धरत नाही म्हणून? न्हाय. मग बाई म्हणून, एवढंच ना? देवाचं काही आहे का? मला वाटलं आता देव काढतील. नाही काढला. 

"तुमचं काय, तुमी रईवारच्या. तुमाला दिऊन माजं काय जातंय? पर तुमाला दिला की उद्या हिरा मागंल. तिच्या नवऱ्याचा खुंटा माज्या थोरल्याकडं हाय. होडीबी. मग मी त्याला काय सांगू?"

म्हणजे असं आहे.  माणूस खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.

दोन महिने मला वाटत होतं भांडण माझं आहे. ती बाई बाभळीखाली बसून माझं शीड, माझं वल्हं, माझा वारा दुरुस्त करत होती. आपल्या खुंट्याबद्दल एक अक्षर नाही. आणि मी विचारलंही नाही. शरम वाटली. अजून वाटतेय.

३० मार्च, रवि. पाडवा, आमची उगादी

सकाळी ना.ना उगादीची कडुलिंब-गुळाची पच्चडी करून दिली, थोडी डब्यात घेतली आणि उशिरानं निघाले. बारा वाजले घाटावर. खुंटा उपटलेला. ठोकला. आता हाताला सवय झालीय.

पच्चडी हि.बांना दिली. कडू लागली त्यांना, तोंड वाकडं केलं, पण संपवली. मग तात्या काय म्हणाले ते सांगितलं. त्यांना माहीतच होतं. नवऱ्याच्या दहाव्यालाच खुंटा थोरल्या पुतण्याच्या नावावर बोलला गेला होता. त्या तिथंच बसल्या होत्या, जाळं मांडीवर घेऊन.

मी विचारलं, मागितला का नाही?

"मागून दित्यात व्हय, ताई? तुमी मागितला का? तुमी ठोकला."

निघताना मी शीड गुंडाळायला घेतलं तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"ह्ये घरी न्हेऊ नगा. हितं ऱ्हाऊ द्या."

ठेवलं. वडापमध्ये बसेपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते आणि ते बोलायचं नव्हतं.

६ एप्रिल, रवि.

जाता आलं नाही. युनिफॉर्मचा सीझन सुरू, रविवारीही मशीन. दिवसभर खाकी. ना. संध्याकाळी विचारतात, खुंटा आज कुणी ठोकला? हा प्रश्न माझ्या डोक्यात सकाळपासूनच होता.

१० एप्रिल, गुरु.

साडेपाचच्या सुमाराला मोबाईल वाजला. मशीन चालू, काही ऐकू येईना. बाहेर पळाले. हि.बा.

"ताई, धोटा न्हेला व्हता आज. न्हेला आन् आनला. परत बांदलाय."

मी विचारलं, वारा कसा होता? डोकं बघा माझं. विचारायचं काय, विचारलं काय.

"लई ग्वाड," म्हणाल्या. मागं कुणीतरी जोरात बोलत होतं, पुरुषाचा आवाज. फोन कट झाला. परत लावला, लागला नाही.

मशीनवर येऊन बसले. समोरच्या पँटीला तीन खिसे लावले. उसवले.

घरी ना.ना कागदावर लिहून दाखवलं. डोळ्यांशी धरून वाचला. "टक्स नीट ऱ्हायले का, इचारलंस?"

१३ एप्रिल, रवि.

घाटावर बसून लिहितेय. दुपारचे दोन. वारा नाही, ती मधली वेळ आहे.

सकाळी उतारावरून खाली येताना आधी ओळीच्या शेवटी बघितलं. माझा खुंटा जागेवर. उपटलेला नव्हता. आणि शेजारी दुसरा. बाभळीचा, ओबडधोबड, साल तशीच. बुडाशी काळी माती, चांगली दाबलेली. त्याला दोर नाही, होडी नाही. नुसता खुंटा.

हिराबाई बाभळीखाली नव्हत्या. खुंट्याशेजारी बसल्या होत्या. जाळं तिथंच घेऊन. गुरुवारपासून तिथंच बसतायत म्हणे. रात्री थोरल्या पुतण्याची बायकोच येऊन बसते. हे ऐकून मी त्यांच्या शेजारी बसले. डोळ्यात पाणी आलं ते आलं, लपवलं नाही.

फोन का नाही लागला? पुतण्यानं काढून घेतला होता. बायकोनं आणून दिला.

अकराच्या सुमाराला तात्या आले. हातात घण. घाटावरची सगळी माणसं आपापलं काम सोडून उभी राहिली. तात्या दोन्ही खुंट्यांसमोर थांबले. घणानं खुंटा ठोकताही येतो आणि चार बाजूंनी मारून सैलही करता येतो. मी हातोडा काढून मांडीवर ठेवला. हि.बांनी जाळ्यातून मान वर केली नाही.

"हिरा," तात्या म्हणाले, "ह्या खुंट्याला बांदाया होडी हाय का तुज्याकडं?"

"हाय की, भावजी," हिराबाई म्हणाल्या. "तितं तिसऱ्या खुंट्याला बांदलीय."

तिसरा खुंटा थोरल्याचा. तो तिथंच उभा होता, त्या होडीच्या कडेवर हात ठेवून. माझ्याकडं दोर घेऊन आलेला तोच. त्यानं हात काढला नाही. 

 तात्यांनी घण खाली ठेवला, खुंट्यांपासून हातभर अंतरावर, आणि पाणी प्यायला म्हणून वर घराकडं गेले. अजून आलेले नाहीत.

घण तिथंच पडलाय. तापला असेल. सगळे त्याच्याकडं बघतायत आणि कुणी बघत नाही असं दाखवतायत. हि.बा. जाळं सांधतायत, एकच गाठ तीनदा घातली आत्ता.

बुधवारी घाट उतरवायचा आहे. पाणी बरंच खाली गेलंय. त्या दिवशी सगळे खुंटे निघतील आणि ओळीनं खाली लागतील, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवट कुठला धरतात ते बुधवारी कळेल.

सीझनमध्ये रजा मागू नका, असं मालकांनी भिंतीवर लिहून लावलंय. मी मागितलेली नाही. बुधवारी येत नाही, एवढं सांगितलंय.